राखाडी कव्हरची रेकॉर्ड

मंगळवार, ४ मार्च. सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटं

बेल वाजली. सुई दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर होती. तिथे ऑर्गन एकटाच उरतो आणि श्वास घेतला तरी आगाऊपणा वाटतो — नेमकी तेव्हाच बेल! दारात इमारतीचे सेक्रेटरी. हा माणूस कचरा टाकायलासुद्धा टाय लावून उतरतो, म्हणून माझ्यापुरते ते टायवाले. हातात कागद.

"काकू, जरा सही करता?"

वाचला. एका रहिवाशाच्या तक्रारीवरून मला कळवण्यात येतं की यापुढे स्पीकरवर गोंगाट करू नये, हेडफोन वापरावेत. एका रहिवाशाच्या! नाव नाही, मजला नाही. मी अख्खी नोकरी न्यायालयात लघुलेखक म्हणून केली. तिथे खुन्यालासुद्धा फिर्यादी कोण ते सांगतात.

"तक्रार कोणाची?"

"ते गोपनीय असतं, काकू."

"मग माझी सहीही गोपनीय आहे."

दार लावलं. नवरा चहा घेऊन आला. "कोण होतं?" सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं." हा त्याचा अख्खा अभिप्राय! तोवर गाणं संपलं होतं. सुई मधल्या रिकाम्या भागात खरखरत होती.

बुधवार, ५ मार्च

रोज एक अल्बम. पाच ते सहा. कोणाच्या झोपेच्या वेळी नाही, परीक्षेच्या वेळी नाही. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं — वकिलांचं, साक्षीदारांचं, रडणाऱ्यांचं, खोटं रडणाऱ्यांचं. निवृत्तीनंतर दिवसाचा एक तास माझ्या कानांना दिला, तर तो कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला!

हे वेड आलं कुठून, ते इथे कोणाला ठाऊक? कोणी विचारतं तरी का? कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात होते मी, सोळा वर्षांची. आमच्यात एका जहाजाच्या कप्तानाची मुलगी होती, तिला आम्ही कप्तानीणच म्हणायचो. ती सुट्टीवरून आली ती चित्रकलेच्या कागदांमध्ये एक रेकॉर्ड लपवून. कव्हरवर पोहण्याचा रिकामा तलाव आणि त्याच्या तळाशी ओव्हरकोट घालून बसलेले बँडमधले पाच पुरुष. शिवणाच्या खोलीत प्रार्थनागीतांच्या सरावाचा प्लेअर होता. आवाज अगदी बारीक ठेवला आणि आम्ही दोघी स्पीकरच्या जाळीला कान लावून बसलो. आधी नुसता ड्रम. मग विहिरीतून कोणी हाक मारावी तसा घोगरा आवाज. कान जाळीवरून हलेना माझा! तोवर गाणं म्हणजे मान ताठ ठेवून, हात पाठीमागे बांधून म्हणायची गोष्ट होती.

पंधरवड्याने मदरनी रेकॉर्ड जप्त केली. "हा गोंगाट आहे," म्हणाल्या. टायवाल्यांच्या कागदातही तोच शब्द. पण मदर निदान माझ्या तोंडावर म्हणाल्या. त्या पाचजणांचा नाद काही सुटला नाही. पहिल्या पगारात तोच तलाव विकत घेऊन आले.

शुक्रवार, ७ मार्च

जिन्यात खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर भेटला. तक्रारदार हाच, माझी खात्री होती. मागच्या वर्षी माझी दाढ उपटताना म्हणालाच होता, "काकू, रविवारी तुमचा बँड दणदणीत असतो हां!" तेव्हा तोंडात त्याचा चिमटा होता, म्हणून उत्तर राहिलं. आज दिलं.

"डॉक्टर, तक्रार करायची तर समोर येऊन करावी."

"अहो, पाच ते सहा मी दवाखान्यात असतो. माझ्या घरात तेव्हा फक्त मासे. काचेच्या पेटीत."

"मग माशांनी केली असेल."

"छे! मासे तुमचे चाहते आहेत, काकू."

हसत उतरला. दोन पायऱ्या खाली जाऊन परत वळला. "काकांचं काय दुखतंय? अधूनमधून संध्याकाळी दवाखान्यात येतात, तासभर बाकावर बसतात, जुनी मासिकं वाचतात आणि दात न दाखवताच जातात."

मी तर समजत होते, फिरायला जातो! घरी येऊन फैलावर घेतलं. दाढ दुखते तर सांगायला काय होतं? वय झालं तरी डॉक्टरची भीती! "दाढ नाही गं," म्हणाला. मग काय? तर म्हणे, "काही नाही."

शनिवार, ८ मार्च

हेडफोन लावून पाहिले. कोणीतरी उशीखाली गातंय, असं वाटतं. काढून फेकले — सोफ्यावर. महागाचे आहेत.

सोमवार, १० मार्च

टायवाल्यांना गाठलं. तक्रारदाराचं नाव द्या म्हटलं. ते टायची गाठ चाचपत म्हणाले, "काकू, रविवारच्या मीटिंगमध्ये मांडा ना. आणि खरं सांगू का, नका मांडू." नका म्हणजे? धमकी की काय!

नवऱ्याचंही तेच. "सोडून दे ना आता."

"तू म्हणतोस हे? ज्याने मला राखाडी कव्हर आणून दिलं तो?"

उठून चहा ठेवायला गेला. जाणारच.

तो मला पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा घरच्यांनी आम्हाला बाल्कनीत सोडलं होतं. त्या पाचजणांवर मी एकटीच बोलत सुटले. आत सगळ्यांचा चहा पिऊन झाला तरी माझं चालूच! त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या खेपेला आला तो फुलं नाही, अत्तर नाही — रेकॉर्ड घेऊन. तीही त्या पाचजणांची नव्हे! मी नावसुद्धा न ऐकलेल्या तिघांची. राखाडी कव्हर, त्यावर एक उघडी खिडकी, बस. ऑर्गन वाजवणारी बाई गाते, गार, कोरडा आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुळीच आवडलं नाही. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं, हिला ओरडायची गरजच नाही. आणि हेही कळलं की या माणसाने माझं बोलणं नुसतं ऐकलं नाही, मला पुढे काय आवडेल ते ओळखलं. असा नवरा लाखात एक! हो म्हणून टाकलं.

तेव्हापासून घरात वाटणी ठरलेली — ते पाच माझे, हे तिघे आमचे. तिघांचे एकूण एक अल्बम आहेत कपाटात. त्यांच्यासाठीच तर भांडतेय मी! आणि हा म्हणतो, सोडून दे.

गुरुवार, १३ मार्च

मीटिंगसाठी भाषण लिहिलं. नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवलं. अर्ध्यात म्हणाला, "मला एक सांगायचं होतं—" म्हटलं, आधी शेवटपर्यंत ऐक. शेवटपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाला, "चांगलं आहे."

रविवार, १६ मार्च

खाली गाड्यांच्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. टायवाले मधोमध. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, गळक्या गच्चीचा झाला, मग माझा. उभी राहिले. नवरा शेजारी माझी पर्स मांडीवर धरून.

सुरुवात झकास झाली. "ज्याला समोर यायची हिंमत नाही, त्याच्या कागदाला मी भीक घालत नाही," म्हटलं. सगळे चिडीचूप. मला वाटलं, जिंकले. "माझ्या घरात काय वाजतं ते ठरवणारा हा भित्रा कोण, ते आज कळलंच पाहिजे!"

नवऱ्याने हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा. माझ्या बाजूने बोलणार म्हणून बरंही वाटलं, पण ऐन रंगात आलेलं भाषण! "बस, माझं संपू दे."

पुन्हा हात.

"अरे थांब ना!"

लोक हसले. तेव्हा तो उभा राहिला, पर्स काखेत मारून, आणि म्हणाला, "तक्रार मी केली होती." माझ्याकडे बघून नाही. टायवाल्यांकडे बघून.

आता कोणीच हसलं नाही. दातांचा डॉक्टरसुद्धा. तेच जास्त लागलं. सगळ्यांना ठाऊक होतं! अख्ख्या इमारतीत मी एकटी तेवढी अंधारात.

पर्स त्याच्याकडून हिसकावून घेतली आणि वर आले.

सोमवार, १७ मार्च

त्याने चहा केला, मी घेतला नाही. मग त्याने माझाही प्यायला.

मंगळवार, १८ मार्च

शेवटी मीच तोंड उघडलं. मीच उघडणार, दुसरं कोण!

"घरातल्या घरात सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पुष्कळदा. तू म्हणायचीस, थांब, एवढं गाणं संपू दे."

"म्हणून माझी तक्रार परक्या माणसाकडे?"

"त्याने बसवून घेतलं, पाणी दिलं. पूर्ण ऐकलं."

"आणि इतकी वर्षं कशी चालली ही गाणी?"

"नोकरीत होतो तेव्हा घरी यायचो सातला. आता घरीच असतो."

"पण रविवारी तर बसायचास माझ्याबरोबर! पायाने ताल धरायचास!"

"मुंग्या यायच्या पायाला. तू उठू द्यायची नाहीस."

विचारायला नको होतं, तरी विचारलंच. "आणि राखाडी कव्हर?"

चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "तू सांगितलेली रेकॉर्ड दुकानात संपली होती. दुकानदार म्हणाला, ज्यांना ते पाच आवडतात त्यांना ही आवडते. मी नुसती घेतली. कव्हरसुद्धा नीट पाहिलं नव्हतं."

म्हणजे बेचाळीस वर्षं मी एका दुकानदारावर भाळलेली होते! त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. मला ओळखलं ते त्याने, आणि संसार केला याच्याशी. त्या ऑर्गनवालीचा एकेक अल्बम आणला की मी याच्याकडे बघून हसायचे — आपली बाई म्हणून! हाही हसायचा. वर्षानुवर्षं! कशाला हसत होता?

गुरुवार, २० मार्च

पाच वाजले. काही लावलं नाही. तो फिरायलाही गेला नाही, पलीकडच्या खुर्चीत बसून राहिला. मला काय काय सुनवायचं होतं, पण वहीतला एक कागद फाडला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यावर एवढंच लिहिलंय: गाणी आवडत नव्हती, तर दुसऱ्यांदा आलास कशासाठी? लेखी उत्तर हवं, रविवार, २३ मार्च, सायंकाळी पाचच्या आत. तोंडी चालणार नाही. तोंडी सांगायला लागलास तर मी मध्येच बोलेन.