कोरियन ऐकणारी, जपानी बोलणारी

३ मार्च
दुभाषी मिळेना! गुरुवारी म्हाताऱ्या कोरियन गायकाची मुलाखत, जपानी वाहिनीसाठी. तो कोरियनमध्ये बोलणार, लगेच जपानी हवं. दिग्दर्शक म्हणतात, "दोन्ही भाषा येणारं कुणीही चालेल." कुणीही! एकाला फक्त कारखान्यातली यंत्रं समजावता येतात. एक बाई छान होती, पण कॅमेरा म्हटलं की तिची बोबडी वळते.

४ मार्च
एजन्सीने फ्रीलान्स दुभाष्यांचे आवाज पाठवले. डबा खाता खाता ऐकत होते. चौथा आवाज — घास हातातच राहिला.
ताई!
जपानी मला तिनेच शिकवलं, गच्चीत कपडे वाळत घालताना. मग तिने मनासारखं लग्न केलं, बाबांनी दार लावलं, घरात तिचा विषयच बंद. मी तेव्हा शाळेत. मला कुणी विचारलंच नाही, ताई गेल्यावर माझं कोण ते.

५ मार्च
एजन्सीला कळवलं — हीच हवी. माझं नाव नाही सांगितलं. ऐकून नको म्हणाली असती तर?

६ मार्च
आली. केस पिकलेत थोडे. मला पाहून दारातच थबकली. मग सगळ्यांसमोर — "नमस्कार मॅडम."
मॅडम! 
मुलाखतभर तिचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये, अगदी कानाशी. आणि त्यातला एक शब्द माझ्यासाठी नाही. दिग्दर्शकांनी विचारलं, घर सोडल्यावर परत का गेला नाहीत? म्हातारा हसून काहीतरी बोलला. ताईने जपानीत सांगितलं. दुभाषी नेहमी सांगतात तसं, 'मी' म्हणूनच — मी वाट पाहिली, कुणी ये म्हणालंच नाही. आवाज जराही हलला नाही. पण जपानीत तो बोलतोय की ती, क्रियापदावरून कळत नाही ना!
साउंडवाला म्हणाला, "काय हो, हेडफोन टोचतोय का?" मी डोळे पुसले.
लिफ्टपाशी तिला गाठलं. "ताई, घरी ये."
"बाबांनी सांगितलंय?"
"नाही. मी सांगतेय."
ती जवळ आली. माझी कॉलर नीट केली. "किती वाळलीस गं, छोटे." लिफ्ट आली. मी माझा नंबर तिच्या हातात कोंबला. गेली. मी नुसती बटणाकडे बघत उभी.

८ मार्च
धीर करून बाबांना सांगितलं, "ताई भेटली होती." पेपर खाली आला. "बरी आहे?" एवढंच. उठून आत गेले. आई ओट्याशी पाठमोरी. नळ नुसताच वाहत होता.

९ मार्च
ताईचा फोन नाही.

११ मार्च
अनोळखी नंबर. कामाचा असेल म्हणून उचलला. चिमुकला आवाज — "मावशी ना? आई रडतेय. आम्ही कधी येऊ?"