आत्याला मात्र आणू नका

ती. दादा आणि वहिनी,

दोघांच्याही पायांना इथूनच हात लावतो (दादा, तुझा उजवा गुडघा अजून धरत असेल तर फक्त डाव्या पायाला). मी खुशाल आहे. पोट सोडून सगळं ठणठणीत, आणि पोटाचं कारण पुढे येईलच. वहिनी, तुमची कंबर कशी आहे, आणि कुंडीतल्या मिरचीने यंदा तरी तुमचं ऐकलं का? आत्याची तब्येत विचारत नाही. ती चांगलीच असणार. नसती तर त्याला मी कसा जबाबदार आहे हे तिने मला एव्हाना कळवलं असतं.

तुझं पत्र पोचलं. सुट्टीत तुम्ही दोघं इथे येताय, तर काय बघावं आणि कुठे खावं ते सविस्तर लिही, असं तू म्हणतोस. ‘सविस्तर’खाली दोन रेघा मारल्यास, त्याही पट्टीने. (मागच्या पत्रात मी नुसतं ‘पोचलो’ लिहिलं होतं, त्याचा राग अजून आहे असं दिसतं.) शेवटी विचारलंस की आत्यालाही बरोबर आणावं का. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे मी नेहमीसारखा भरकटलो तरी मुख्य मुद्दा राहायला नको. आणू नका. आणि हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका.

आता शहर. इथला मनोरा फार सुंदर आहे, निदान वरचा अर्धा. खालच्या अर्ध्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण मध्ये चपलांच्या दुकानाची पाटी येते. संग्रहालय जरूर बघा. आत काय आहे ते ठाऊक नाही, पण बाहेरची रांग उत्तम आहे, आणि बाहेर पडणारे लोक आत जाणाऱ्यांपेक्षा थकलेले असले तरी भांडत नसतात. नदीवरचा पूल संध्याकाळी दिव्यांनी उजळतो, तो डावीकडून बघावा. उजवीकडून तो मलाही दिसलेला नाही. तुला वाटेल हा पोरगा इतके महिने तिथे राहून करतो काय. तर दादा, मी हे शहर खिडकीतून पाहिलंय, आणि तेही तोंडात घास असताना. तीच माझी नोकरी आहे.

हसू नकोस, नीट वाच. इथे रिकाम्या खानावळीत कुणी पाऊल टाकत नाही. रस्त्यावरचा माणूस काचेतून डोकावतो, आत कुणी जेवताना दिसलं तरच दार ढकलतो. म्हणून ज्या खानावळीत गिऱ्हाईक नसतं, तिथला मालक खिडकीशी एक माणूस आणून बसवतो. तो माणूस मी. तोंड रस्त्याकडे, ताट काचेजवळ, वाफ दिसली पाहिजे. घास तोंडात गेला की किंचित डोळे मिटायचे, मग मान हलवायची. पण फार नाही, नाहीतर लोकांना वाटतं काही झालंय. रुमाल काढायचा नाही. पाणी प्यायचं तर हळू, कारण घटाघटा पाणी पिणारा माणूस बघून लोक पुढे जातात. आणि ताटातलं संपवायची घाई करायची नाही. (वहिनी, तुम्ही मला जेवताना पाहिलंय. ही अट मला किती जड गेली असेल याची कल्पना फक्त तुम्हालाच येईल.) शाळेत मास्तरांनी मला सदोदित खिडकीशी बसल्याबद्दल मारलं, आणि आता खिडकीशी बसण्याबद्दलच जेवण मिळतं. शिक्षण वाया गेलं असं कुणी म्हणू नये.

तेव्हा कुठे खावं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? घड्याळाच्या चौकातल्या लाल खुर्च्यांच्या जागी जाऊ नका, तिथले तळलेले मासे मी आठवडाभर डोळे मिटून खाल्ले, आणि डोळे मिटले नसते तर खाल्लेच नसते. बाजारामागे जिना उतरून एक जागा आहे, तिथल्या शेवया छान, पण तिथे आता गर्दी होते म्हणून मला काढून टाकलं. (या धंद्यात काम नीट केलं की नोकरी जाते. मला तर हे मानवलंच. एका जागी फार दिवस बसलो की माझ्या पायांना मुंग्या येतात, हे तुम्हाला घरी असल्यापासून माहीत आहे.) आणि तिसरी जागा होडीच्या धक्क्यासमोरची, मालकीणबाईंची. तिथे मी सध्या आहे. तिथे मात्र मी नाव काढलं नाही. उलट घालवलं.

मालकीणबाई एकट्याच आहेत, आत्याच्याच वयाच्या. एके काळी तिथे होडी सुटायची तरी लोक वाटी सोडायचे नाहीत, असं समोरचा तिकीटवाला सांगतो. मी गेलो तेव्हा टेबलं पुसून चकचकीत आणि माणूस एक नाही. पहिल्या दिवशी सूप समुद्रासारखं खारट. मला वाटलं, असेल इथली पद्धत. दुसऱ्या दिवशी त्यात मिठाचा कणही नव्हता. तिसऱ्या दिवशी परत समुद्र. मी मात्र खिडकीत डोळे मिटून मान हलवत राहिलो. व्यवसाय म्हणजे व्यवसाय. पण एक दिवस, ऐन दुपारी, बाहेर छत्रीखाली एक अख्खं कुटुंब पाटी वाचत उभं होतं, आणि बाईंनी वाढलेला चमचा मी तोंडात घातला, आणि दादा, इतके दिवस सगळं सोसलेल्या माझ्या तोंडाने ऐनवेळी दगा दिला. डोळ्यांत पाणी, नाक लाल, आणि भुवया कुठे गेल्या ते मलाही कळेना. काचेपलीकडच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, नातवाला जवळ ओढलं, आणि छत्रीसकट सगळे निघून गेले.

बाईंनी ते पाहिलं. मला वाटलं, आता वाटी डोक्यात. पण त्या समोर येऊन बसल्या, पदराला हात पुसले, आणि अगदी हळू विचारलं, “खारट होतं की अळणी?”

तेव्हा मला उमगलं. त्यांना कळतच नव्हतं. थंडीत त्यांना मोठा ताप आला होता, तो उतरला तेव्हा जिभेची चवच घेऊन गेला. मीठ, आंबट, तिखट, सगळं सारखंच, कोमट. कुणाला सांगितलं नाही, कारण खानावळवालीने हे सांगायचं तरी कुणाला? हात जुनाच आहे, मापं हातात आहेत, पण हाताला आता जीभ साक्ष देत नाही. म्हणून हात घाबरतो, घातलेलं मीठ परत घालतो, नाहीतर घालतच नाही.

मग मी चाखायला लागलो. इथेच तर खरी गोची. लहानपणापासून आपल्या घरी चव बघायला आत्या होती, माझ्या जिभेवर कधी जबाबदारीच आली नाही. त्यातून या नोकरीने जिभेला वाईट सवय लावली आहे, काहीही पडलं की ती “वा” म्हणते. मी म्हणतो थोडं मीठ, बाई घालतात. मग मी म्हणतो थोडं पाणी, बाई ओततात. मग पुन्हा मीठ. परवा असं करता करता पातेलं काठोकाठ आलं, दुसरं काढलं, तेही भरलं, आणि शेवटी जे झालं त्याने होडीवाल्यांनी दोरखंड धुतले. इकडे घरमालक रोज टेप घेऊन येतो. जागा अशीच रिकामी राहिली तर या महिन्याअखेर तो ती मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला देणार आहे, आणि मी खिडकीत जेवत असताना माझ्याच पाठीमागची भिंत मोजत असतो. बाई त्यालाही बसायला खुर्ची देतात. ते बघवत नाही.

तर मुद्दा काय होता? हां, आत्या. तिला आणू नये याची कारणं तुम्हाला माहीतच आहेत. धाकट्या काकाच्या लग्नात तिने पंगत उठायच्या आत आचाऱ्याला बाहेर बोलावून घेतलं होतं. दवाखान्यात सलाईन लावलेली असताना शेजारच्या खाटेवरचा डबा नुसत्या वासावर नापास केला. रस्सा उकळताना ती स्वयंपाकघराच्या दारात बसते, तळहातावर थेंब घेते, चाटते, आणि “मीठ मागे आहे” असं म्हणते, आणि वहिनी, तुम्ही काही न बोलता मीठ घालता, आणि तिचंच खरं निघतं, याचा तुम्हाला त्रास होतो. तो मला दिसत होता. तुम्हाला तिने दारातून उठावं असं वाटतं, आणि तिला आत यावंसं वाटतं, आणि दोघीही एकमेकींना काही म्हणत नाहीत. अशा बाईला परक्या शहरात आणून तुमच्या सुट्टीचं वाटोळं कशाला करायचं?

बाकी ठीक. छत्री आणा. मनोऱ्याचा खालचा अर्धा भाग बघितलात तर मला कळवा.

तुमचा,
भिंगरी

ता. क. – आत्याला आणाच. पण मी बोलावलंय असं सांगू नका, नाहीतर ती येणार नाही. एवढंच सांगा की धक्क्यावर एक खानावळ आहे, तिथलं सूप भयंकर आहे, आणि तसं नीट तोंडावर सांगणारं तिथे कुणी नाही. ती स्वतःच पिशवी भरेल.

ता. क. २ – तिचं परतीचं तिकीट काढू नका. बाईंनी वरची खोली झाडून ठेवली आहे. मी त्यांना आत्याबद्दल सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही, आचाऱ्याचंसुद्धा. त्यांनी एकच विचारलं, “भांडेल ना?” मी म्हटलं, रोज. म्हणाल्या, “मग बरं. गप्प बसणाऱ्यांनीच माझं दुकान बुडवलं.” वहिनी, तुमच्या दारात आता कुणी बसणार नाही. पहिले काही दिवस बरं वाटेल, मग मीठ घालताना तुम्ही दाराकडे बघाल. तेव्हा इथे या, सूप प्यायला.

ता. क. ३ – दादा, तुला राग येईल, पण आपल्या घरात तुझ्या नावाचं पत्र आधी कोण फोडतं हे मला ठाऊक आहे, म्हणूनच सविस्तर लिहिलं. तर आत्या, चष्मा पुसून वाच. मी इथे उशी विकत घेतली आहे, या भिंगरीच्या आयुष्यातली पहिली, त्यावरून काय ते ओळख. आजचं सूप मी “वा” म्हणून प्यायलो आणि बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला अजूनही सांगता येत नाहीये, ते खारट होतं की अळणी.