साखरेचा अर्धा खडा

रविवार, ८ मे
आधी आली ती माझी खझालच! खिंडीतून उतरून मागच्या दाराने, मांजरीसारखी. मागून दोघी मैत्रिणी, खांद्याला बंदुका. चार वर्षांनी नात दिसली — मी रडू की रोट्या भाजू! "आजी, तू आखूड झालीस गं." म्हटलं, "तूच उंच झालीस, डोंगरावर राहून!"

डोंगरातल्या काटेरी कंगरची भाजी होती, दही होतं. तिघी तुटून पडल्या. एवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण गुलिजार — "तंदूर फार धुमसतोय आज, लग्नबिग्न काढलंस की काय?" म्हटलं, "तुझंच जमवतेय!" ती हसली. मी मात्र हळूच मागचं दार ओढून घेतलं. वर तुर्कांच्या ड्रोनची घरघर, ती वेगळीच.

परत कधी येणार ते खझाल कानात सांगून गेली. "कुणाला म्हणजे कुणाला नाही. बाबांना तर नाहीच." मग बाई, लिहीतही नाही.

सोमवार, ९ मे
दिवसभर घरघर. अंगणात गेले नाही.

मंगळवार, १० मे
खझालची बशी अजून धुतली नाही. लहानपणापासूनची खोड — साखरेचा खडा अर्धा चावायचा, अर्धा बशीत ठेवायचा. मला अक्षरं तिनेच शिकवली, एका ओळीला एक खडा लाच!

ती तुर्कांशी लढणाऱ्या डोंगरवाल्यांत, तिचा बाप, माझा तहसीन, इथल्या एर्बिल सरकारचा पेशमर्गा शिपाई. दोघे कुर्द, दोघांना घास मीच भरवला, आणि बंदुका एकमेकांवर! तुर्क म्हणतात डोंगरवाल्यांना हाकला, एर्बिल मान डोलावतं. राजकारण त्यांचं, लेकरं माझी.

बुधवार, ११ मे
तहसीन आला! न सांगता! बशी उचलायची राहिली. त्याने तो खडा पाहिला.

"आई, परत येणार आहे ती?"

"छे रे. आता कुठली येते!"

पाहुण्याची गोष्ट आमच्यात उंबरठ्याबाहेर जात नाही. पोटच्या पोरापाशीही नाही.

"शपथ?"

"तुझ्या बापाच्या कबरीची."

त्याने तो अर्धा खडा तोंडात टाकला, लहान पोरासारखा. डोळे पुसले. "सुटलो गं आई. शुक्रवारी आमची तुकडी खिंडीत दबा धरून बसणार. सगळ्यात पुढे मीच."

मी "थांब, थांब" म्हणत दारात पोचेपर्यंत जीप वळणापलीकडे! त्याला फोन लावतेय, लावतेय — लागत नाही.

गुरुवार, १२ मे
खझाल शुक्रवारी येते म्हणालीय.