आधी अंदाज, मग पिना

सर, आज पहिला टप्पा झाला आणि चहा बाजूला ठेवून तुम्हाला लिहायला बसले. फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची सायकल शर्यत आता नवीन पनवेलच्या आमच्या हॉलमध्ये बसून थेट बघता येते. आणि सायकलवेड्यांच्या एका मराठी वेबसाइटवर यंदा कुठले स्प्रिंटर चालतील, याचा अंदाज कोण लिहितं माहीत आहे? मी. दिवसभर विम्याचे दावे तपासणारी, तुमच्या भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर बसणारी मी!

मी रविवारी तुमच्याकडे यायला लागले तोवर तुमच्या ज्यू घरातले बहुतेक जण इस्राएलला गेले होते, तुम्ही आणि काकू तेवढे पनवेलला चिकटून राहिलात. तुमची धाकटी बहीण तिकडून सायकलिंगचं मासिक पाठवायची, ते दोन-दोन महिने उशिरा पोचायचं. शनिवारी शब्बाथ, म्हणून तुम्ही त्याला हात लावायचा नाहीत. रविवारी सकाळी मी यायच्या आत निकालाची पानं स्टेपलरने बंद करून ठेवायचात. आधी अंदाज, मग पिना काढायच्या. काकू ओट्याशी हलव्यासाठी नारळाचं दूध पिळताहेत, तुम्ही जेवणाच्या टेबलावर टप्प्याचा नकाशा पसरलाय, आणि मी घाईघाईने एका नावावर बोट ठेवतेय. "हा. सगळ्यांत वेगवान हाच आहे." तुम्ही चष्मा वर करता. "अगं, वेगवान सगळेच असतात. शेवटच्या दोनशे मीटरला हा तिथे असेल का, ते सांग. ह्या रेषा बघ किती दाटल्यात. एवढा घाट, आणि हा गडी अंगाने जड. मागे पडला तर घोळका त्याच्यासाठी थांबणार आहे का? आणि त्याला वाऱ्यापासून झाकून शेवटपर्यंत आणून सोडणारा कोण?" समोच्च रेषा मी अशा शिकले. काकू वैतागायच्या. "संपलेल्या शर्यतीवरून काय भांडताय दोघं? काढा की त्या पिना!" तुम्ही म्हणायचात, "आपल्यासाठी कुठे संपलीये?" आणि खरंच, पिना निघताना माझं काळीज धडधडायचं.

मी दहावीत असताना तालुक्याची शर्यत होती. पनवेलहून निघायचं, कर्नाळ्याची खिंड चढून पलीकडे उतरायचं, तिथून वळून पुन्हा खिंड ओलांडायची आणि शिरढोणला संपवायचं. सगळी मुलं आणि मी एकटी मुलगी. आदल्या रविवारी टेबलावर तुमच्या अक्षरातली त्या शर्यतीच्या अंदाजाची यादी दिसली. मी पाचवी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मी शाळेत सगळ्यांना मागे टाकते, सर. पाचवी का?" तुमचा आवाज चढला नाही, पण तुम्ही गोड करूनही सांगितलं नाहीत. "कारण चढावर तू सगळ्यांच्या पुढे जाऊन वारा अंगावर घेतेस. लोकांनी बघावं म्हणून. शिरढोणला पोचेपर्यंत तुझ्या पायांत काही उरत नाही." खरं होतं, म्हणूनच लागलं. आठवडाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही.

शर्यतीच्या दिवशी मात्र खिंडीत मी उरणच्या एका रुंद खांद्यांच्या मुलामागे गपचूप लपले. पुढे जावंसं वाटून जीव नुसता वरखाली होत होता, पण त्याच्या मागच्या चाकावरून नजर हलवली नाही. परतीच्या चढावर शाळेतले आमचे दोन हिरो मागे राहिले. शिरढोणच्या शेवटच्या वळणानंतर मी उजवीकडून बाहेर पडले आणि पायांत जे होतं ते सगळं ओतलं. रस्त्याकडेला भाजीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी उभी राहून ओरडली, "अगो, पोरगी हाय ती! पोरगी हाय!" अर्ध्या चाकाने दुसरी आले. गर्दीतून तुम्ही धावत आलात, शर्ट घामाने भिजलेला, हातात ती यादी. "चुकलो! साफ चुकलो मी!" स्वतःचं चुकणं इतक्या आनंदाने सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. नुकतंच आलेलं मासिक तुम्ही मला देऊन टाकलंत, पिनांसकट. घरी जाऊन एकटीने पाच नावं लिहिली, पिना काढल्या. पाचातलं एकही बरोबर निघालं नाही.

यंदाचंही ऐका. सगळ्यांचा लाडका बेल्जियन मी यादीतच घेतला नाही. आमचा तरुण संपादक फोनवर कळवळला, "मॅडम, लोक शिव्या घालतील हो!" मी म्हटलं, घालू देत. त्याला शेवटपर्यंत आणून सोडणारा जोडीदार दुसऱ्या संघात गेलाय, आणि पहिल्याच टप्प्यात शेवटाकडे एक आखूड पण उभा चढ आहे. मी नॉर्वेचा एक बावीस वर्षांचा पोरगा पहिला लिहिला. आज त्या चढावर बेल्जियन हळूहळू मागे सरकत गेला, सर, आणि मी सोफ्यावर उभी राहिले. शेवटचा किलोमीटर. माझा पोरगा अगदी जागेवर. आणि पुढे एक छत्तिशीचा मदतनीस, ज्याचं कामच आपल्या संघाच्या स्प्रिंटरला ओढून आणायचं. त्याने मागे वळून पाहिलं. त्याचा माणूस नव्हताच मागे! एक क्षण तो बावचळला, मग मान खाली घालून स्वतःच सुटला. जन्मात कधी स्वतःसाठी न धावलेला माणूस, आणि जिंकला! माझा पोरगा दुसरा. तो मदतनीस कोणाच्याच यादीत नव्हता, माझ्याही नाही. मी इतकी किंचाळले की नवरा म्हणाला, "अगं, खाली वॉचमनने वर बघितलं." तुम्ही इथे असतात तर त्या माणसाने मागे वळून पाहिलं त्या क्षणावर आपण पुढचा तासभर बोललो असतो. नवऱ्याला मी समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि कुकर लावायला गेला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुम्ही गेलात तेही शर्यतीच्याच दिवसांत. सकाळीच तुम्हाला दफन करून मंडळी परतली, दुपारपर्यंत मी काकूंजवळ बसले होते. मग घरी आले आणि टीव्ही लावला. सपाट टप्पा होता, घोळका एकत्र शेवटाला आला, आणि मी आज ओरडले तशीच ओरडले. आई आतून धावत आली. "काय झालं गं?" मी म्हटलं, "सर आठवले." तिने मला जवळ घेतलं. ते खोटं होतं, सर. तेवढे दहा सेकंद तुम्ही मला अजिबात आठवला नव्हतात.