चोचीवरचा पांढरा ठिपका

३ फेब्रुवारी
रिटायर होऊन एक महिना. संकल्प: रोज दोन तास जुनी टपाल तिकिटं, भिंग आणि शिस्त. मध्ये चहा नाही. (झाला. दोनदा.)

४ फेब्रुवारी, सकाळी ११
शोध! हिच्या कपाटातल्या पत्रावरच्या तिकिटात पक्ष्याच्या चोचीवर पांढरा ठिपका. छपाईतली चूक. पत्र सासऱ्यांचं. माझ्याशी लग्न केलं म्हणून त्यांनी हिच्याशी बारा वर्षं अबोला धरला, मग हे एकच पत्र पाठवलं आणि आठवड्याभरात गेले. हिने ते अजून फोडलेलं नाही. धीर झाला की फोडीन, म्हणते. वीस वर्षं झाली. मी समजूतदार नवरा, पत्राला हात लावणार नाही. तिकिटाची गोष्ट वेगळी.

६ फेब्रुवारी
आमच्या तिकीट-संग्राहक क्लबच्या सेक्रेटरींना फोन. म्हणाले, सगळं तिकिटाच्या कागदावर अवलंबून आहे. जाड कागदावर ही चूक दुर्मीळ, पातळ असेल तर सोडून द्या. पण पत्रावरून तिकीट काढू नका. माणसाला हेवा वाटतो, चालायचंच.

९ फेब्रुवारी
हिला विचारलं. नाही म्हणाली. माझी वेळ चुकली. रविवारी पुन्हा विचारीन.

१० फेब्रुवारी, दुपारी ३
रविवारपर्यंत थांबणं अशास्त्रीय. ही बहिणीकडे गेली आहे. बशीत कोमट पाणी, फक्त कोपरा बुडवायचा. दहा मिनिटं.

३.२०
निघत नाही. सासरे डिंकाच्या बाबतीतही हट्टी. आणखी दहा मिनिटं.

३.४५
निघालं. कागद पातळ. ठिपका माझ्या बोटाला लागून आला, भिंतीच्या रंगाचा शिंतोडा असणार. पाणी निळं का झालं?

३.५०
पाकीट नाहीच. एकच कागद घडी घालून चिकटवलेला, आत फाउंटन पेनची शाई. कागद पाणी वर ओढतो हे मी क्लबात नवख्यांना शिकवतो. टिपकागद लावला. इस्त्री अजिबात करायची नाही.

४.१०
इस्त्री केली.

११ फेब्रुवारी
काल पुढे लिहायचं सुचलं नाही. ही पाचला आली तेव्हा पत्र माझ्या हातात होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. खाली बसून तिने एकेक घडी उलगडली. पानभर निळं. फक्त शेवटच्या ओळीतला एक शब्द शाबूत: जावयांना.

तिने विचारलं, "पुढे काय लिहिलं असेल हो?"

मी म्हटलं, "नमस्कारच असणार, दुसरं काय?"

तिने पत्राच्या घड्या पुन्हा घातल्या. मला फार लाज वाटली, अजून वाटते आहे. मग तिने पत्र कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. त्या कपाटाला किल्ली आहे हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.