मंडळीला कुलूप

दादा, मी मुखेडला आलोय अन् डोकं लई तापलंय. खरं तर लातूरहून उमरीला मंडप बांधायच्या कामावर निघालो होतो. लोह्याच्या स्टँडवर भजी गरम दिसली म्हणून उतरलो, एसटी निघून गेली, अन् पुढची मिळाली ती मुखेडची. भज्यांचं राहू दे. येऊन बघतो तर आपल्या पत्र्याच्या चर्चला नवंकोरं कुलूप. कमिटीचे कुणी साहेब लातूरहून आले होते म्हणे. बाकांवरच्या सहा बाया बघितल्या, आपली आई धरून, अन् म्हणाले, "एवढ्यावर कसली मंडळी? बंद करा ही. दर रविवारी नांदेडला जात जा." ज्यांचे गुडघे एसटीची पायरी चढू देत न्हाईत त्यांना हे सांगून साहेब गाडीत बसले. चावी पण घेऊन गेले.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण ताडपत्रीवर वाकलेले तुम्ही मला आत्ता दिसून राहिलात. दाभण ओढता ओढता सांगताय, "येशूमागच्या पहिल्या मंडळीपाशी काय होतं रे? बाक न्हाई, घंटा न्हाई, वरून सरकार मागं लागलेलं. तंबू शिवणारे नवराबायको होते, आपल्याच धंद्याचे. त्यांच्या घरात मंडळी जमायची." मी विचारतो, "त्यांच्या घरात पण असाच ताडपत्रीचा वास यायचा का?" तुम्ही हसता. "यायचाच की. तरी लोक यायचे." अन् बाजारच्या दिवशी तो पेंडीवाला शेठ दुकानात डोकावायचा, "काय मास्तर, मंडळी बरी हाय का?" तो आईचं विचारायचा. तुम्ही दोरा तोडत म्हणायचे, "बरी हाय शेठ. नऊ जण हायेत." "नऊ? महादेवा, मला एक झेपंना!" सगळी गल्ली हसायची.

त्या साहेबाला हा विनोद कळलाच नसता. त्याच्या लेखी मंडळी म्हणजे खोली. साथ आली, घरचे घरच्यांना टाकून पळाले, तेव्हा ते पहिले लोक आजाऱ्यांपाशी बसून राहिले. विधवांना जेवू घातलं. म्हणून वाढले ना ते? तेव्हा एखाद्या साहेबानं डोकी मोजून त्यांच्या दाराला कुलूप घातलं असतं, तर हा गडी आज कशाच्या कमिटीवर बसला असता? आपल्या या सहा जणी उपासना झाली की अजून सरकारी दवाखान्यात भाकरी पोचवतात. ते त्यानं विचारलंच न्हाई.

मी हातोडा घेऊन निघालो होतो. आई चुलीपुढून ओरडली, "ठेव तो! कुलूप पत्र्याला लागलंय. मंडळी इथं भाकरी थापून राहिली."

मग आज रविवारी तुमच्या दुकानात मी ताडपत्री अंथरली. बाया आल्या, भिंतीला टेकून बसल्या. एकीनं चष्मा घरी राहिला म्हणून पाठ असलेलं स्तोत्रच म्हटलं, ते पण चुकीचं, अन् बाकीच्या तिच्यामागं तसंच म्हणाल्या. मी तुमच्या शिलाई मशीनमागं उभा होतो. हॉटेलवाल्यानं दारातून विचारलं, "मावशी, चहा किती?" आईनं मागं वळून न बघताच सांगितलं, "सात."

दादा, ही चिठ्ठी टाकू कुठल्या पेटीत? राहील मशीनच्या खणात. मला प्रार्थना अजून येत न्हाई. पण 'सहाच' असं काही मी म्हणालो न्हाई.