वरची पटाशी

बा, काल मी फुलसावंगीजवळच्या आपल्या तांड्यावरच्या शाळेत गेंड्याचा जबडा घेऊन गेले होते. हसू नकोस. तू गेलास त्याला बावीस वर्षं झाली, आणि मी यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते हे तुला कोणी कळवलं नसेल, म्हणून सांगते. जबडा प्लास्टरचा होता, नाकाडासकट वरचा-खालचा दोन्ही. खरा दूरदेशच्या संग्रहालयात दगड होऊन पडलाय. पण जनावर खरं. साधारण चार कोटी वर्षांपूर्वी चरून गेलेलं, आपल्या गोऱ्ह्याएवढं आणि बिनशिंगाचं. गेंड्याच्या कुळातला अगदी जुना पूर्वज. मला धाकधूक एकच होती. शहरातली माणसं माझं ऐकून माना डोलावतात, पण आपल्याच माणसांना हे पटलं नाही, तर मी इतकी वर्षं केलं तरी काय?

आणि पटलं नाहीच. पुढे बसलेली एक बाई पदर सावरत म्हणाली, "मॅडम, शिंग कुठी हाये याचं? हे तं डुकराचं थोबाड दिसून राह्यलं." सगळे खदखदून हसले. मी सांगितलं, गेंड्याचं शिंग केसांच्या जातीचं, ते मातीत कुजून जातं. नाकाच्या हाडावर खरखरीत ठसा तेवढा उरतो, आणि ह्याच्या नाकाडावर तोही नाही. म्हणून जुना गेंडा शोधायचा तो दातांवरून. वरच्या दाढा दाखवल्या, त्यांच्यावरची गणितातल्या 'पाय'च्या चिन्हासारखी नक्षी दाखवली. पोरं दाढांकडे बघत होती आणि मोठी माणसं चहाच्या किटलीकडे.

तेव्हा मला तू आठवलास. मी आठ-नऊ वर्षांची आहे, बैलबाजारात तुझ्या धोतराला धरून उभी. तू बैलाचा ओठ खाली ओढतोस, अंगठा आत घालतोस आणि डोळे मिटतोस. "जुळून गेला हा, म्हातारा हाये. कानस मारली याच्या दाताले, जवान दिसाले." विकणारा लगेच दुसरीकडे बघायला लागतो. मग मीही ऐटीत पुढे होते आणि शेजारच्या बैलाच्या वरच्या हिरडीवर बोट फिरवत दात शोधू लागते. किती हसला होतास! "छोरी, बैलाले वरतं समोरचे दात नसतेच. तिथं काय शोधून राह्यली?" घरी येऊन आईला, आपल्या याडीलाही सांगितलंस, शेजाऱ्यांनाही सांगितलंस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, पण माझ्या बोटांना कायमचं पाठ झालं की समोर, वर, काही नसतं.

ह्या पाठांतरानंच घात केला, बा. साच्यातून समोरचे दात सुटे आले होते, आणि ते मी माझ्या हातानं चिकटवले होते. सगळेच्या सगळे खाली! कॉलेजात कोणाच्या लक्षात आलं नाही. काल, पूर्वी तुझ्याबरोबर बैलबाजार करणारे काका उठले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी जबडा मांडीवर घेतला आणि दातांवरून अंगठा फिरवला. "पोरी, हा दात घासला कायच्यावर? वरतं तं नुसती हिरडीच हाये. हिरडीवर दात घासते काय कधी?"

आधी मला घाम फुटला, मग हसू. खऱ्या गेंड्याच्या कुळाची खूणच ती! वर पटाशीसारखा चपटा दात, खाली सुळ्यासारखा, आणि एकमेकांवर घासून दोन्हींना आलेली धार. ह्या जोडीवरून शिंग यायच्या कितीतरी आधीचा गेंडा ओळखता येतो, आणि मी ती जोडीच मोडून गेंड्याचा बैल करून ठेवला होता. तिथल्या तिथे ब्लेडनं पटाशी सोडवली आणि वर बसवली. काकांनी जबडा मिटला. दातावर दात बरोबर बसला. "हां," काका म्हणाले, "आता चावते हा." मग काय, प्रत्येकाला अंगठा घालून बघायचा होता. आसामातला गेंडा भांडताना अजूनही शिंगापेक्षा ह्याच खालच्या दातांनी फाडतो म्हटल्यावर ती मघाची बाई नवऱ्याला म्हणाली, "पाह्यलं? शिंग नसलं तं गरीब समजू नोको." शिंगाबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही. बा, एवढा आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

निघताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दात पाहनं तुमाले कोनं शिकवलं?" मी तुझं नाव घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घरी येईपर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते माझ्या वहीतच राहील. म्हणूनच लिहिता येतंय. कॉलेजच्या प्रवेशाच्या अर्जात वडिलांचा धंदा विचारला होता. तू शेजारी उभा राहून म्हणालास, "बैलाचे दात पाहतो, असं लिही." मी 'शेती' लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं. तू विचारलंस, "लिवलं?" आणि मी म्हटलं, "हो बा, लिवलं."